अमेरिकन कॉलेजं आता खेळाडूंना पैसे देतात म्हणे. मुंबईतल्या मुलांच्या वाट्याला त्यातलं काय?

मैदान_चर्चगेट

ज्युनियर कॉलेजच्या खेळाडूंचे पालक हल्ली एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, अमेरिकेत कॉलेजच खेळाडूला पगार देतं, खरं का?" १ जुलै २०२५ पासून तिथली विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, एवढं ठाऊक आहे. एजंट लोक त्यावर जे इमले बांधतात त्यातलं किती टिकतं, ते जाणकारांकडून हवंय.

वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलर हा आकडा सगळीकडे फिरतोय, तो नेमका कुणाच्या खिशात जातो? आपल्याकडची मुलं जातात टेनिस, पोहणं, स्क्वॉश, गोल्फ आणि ॲथलेटिक्समधून. तिथल्या जागा वाढल्या की घटल्या? एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलाला हे पैसे घेता येतात का? आणि इथे बसून एखाद्या कॉलेजच्या क्रीडा विभागाची आर्थिक कुंडली कशी काढायची?

अनुभवकथन नको, नियम आणि आकडे हवेत.

हिशोबवही

आधी 'पगार' हा शब्द खोडा. कॉलेज खेळाडू अजून कर्मचारी नाहीत. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये युनियनच्या बाजूने मतदान केलं, पण डिसेंबरअखेर तो अर्ज मागे घेतला गेला. आता मिळतो तो 'उत्पन्नातला वाटा'.

श्रीमंत आणि गरीब कॉलेजांतल्या विषमतेचं मूळ १९८४ मध्ये आहे. त्या वर्षी अमेरिकन सुप्रीम कोर्टाने टीव्ही हक्कांवरची एनसीएएची (कॉलेज खेळांची नियामक संस्था) मक्तेदारी मोडली आणि फुटबॉलचे (इथे सगळीकडे अमेरिकन फुटबॉल) हक्क ज्याचे त्याने विकायचे असं झालं. मोठ्या कॉन्फरन्सेस (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचे गट) गब्बर झाल्या. त्यातल्या बिग टेनचा २०२२ चा टीव्ही करार ७ वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरच्या वरचा आहे. टेक्सास विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं वर्षाचं उत्पन्न ३० कोटी डॉलरच्या पुढे जातं. त्याच डिव्हिजन १ (एनसीएएची सगळ्यात वरची पातळी) मधलं एखादं छोटं विद्यापीठ मात्र क्रीडा विभाग चालवतं विद्यार्थ्यांच्या फीवर आणि सर्वसाधारण निधीवर. आपल्याकडे जिमखाना फी घेतात तसंच, फक्त काही ठिकाणी ती वर्षाला हजार डॉलरच्या पुढे असते, आणि ती भरणारा मुलगा मॅच बघायलाही जात नाही.

एवढा पैसा फिरत असताना खेळाडूला ट्यूशन आणि राहण्या-जेवणापलीकडे काही देणं हा नियमभंग होता. कोचला मात्र मर्यादा नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने जिम्बो फिशरना काढलं तेव्हा करार मोडल्याचे म्हणून ७.५ कोटी डॉलरहून जास्त देणं निघालं. काम न करण्याचे पैसे!

२०२१ मध्ये आल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाने ९-० असा निकाल दिला. शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएएला मर्यादा घालता येणार नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूला स्वतःचं नाव आणि छबी वापरून कमवायची मुभा मिळाली, तिलाच 'एनआयएल' म्हणतात. मग खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या 'हाऊस' खटल्यातली (ग्रँट हाऊस हा त्यातला एक खेळाडू) तडजोड. न्या. क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ ला ती मंजूर केली. तिचे दोन भाग आहेत: २०१६ पासूनच्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर, १० वर्षांत, आणि पुढे दरवर्षी प्रत्येक कॉलेजने वाटायच्या रकमेवर मर्यादा. ही मर्यादा मोठ्या कॉन्फरन्समधल्या कॉलेजांच्या ठरावीक उत्पन्नांच्या सरासरीच्या २२ टक्के अशी काढली. २०२५-२६ साठी ती आली २ कोटी ५ लाख डॉलर.

नीट वाचा: कमाल मर्यादा. किमान काहीच नाही. शून्य वाटणारं कॉलेजही नियमात बसतं.

आता वाटणी. मागच्या भरपाईचं सूत्र साधारण असं: फुटबॉल ७५ टक्के, पुरुष बास्केटबॉल १५, महिला बास्केटबॉल ५, बाकी सगळे खेळ मिळून ५. अनेक कॉलेजांनी पुढच्या वाटपालाही हेच सूत्र समोर ठेवलं. नमुन्यादाखल हिशोब करू. २ कोटी ५ लाखांतून नव्या स्कॉलरशिपचे २५ लाख वजा करा (तेवढे मर्यादेत धरले जातात), उरले १ कोटी ८० लाख. फुटबॉलला १ कोटी ३५ लाख, म्हणजे १०५ खेळाडूंत सरासरी १ लाख २८ हजार. 'बाकी सगळे' यांना ९ लाख. त्यात पोहणारे, धावणारे, टेनिसवाले मिळून ४०० जण धरले तर डोई सव्वादोन हजार डॉलर. तेही समान वाटले तर. प्रत्यक्षात बहुतेकांना शून्य आणि एखाद-दुसऱ्या ऑलिंपिक दर्जाच्या खेळाडूला थोडं, असाच प्रकार चालतो.

लेन_चार

वाटा विसरा, जागा बघा. आपल्या मुलांवर परिणाम झालाय तो तिथे.

पूर्वी प्रत्येक खेळात स्कॉलरशिपची संख्या बांधलेली होती आणि संघ कितीही मोठा ठेवता येई. आता उलट आहे. तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजला संघातल्या एकूण खेळाडूंची मर्यादा, आणि त्या सगळ्यांना हवी तेवढी स्कॉलरशिप देण्याची मोकळीक.

पुरुष टेनिस: पूर्वी ४.५ स्कॉलरशिप (एकच स्कॉलरशिप अनेकांत विभागता येई), आता १० खेळाडू. महिला टेनिस ८ वरून १०. पोहणं पुरुष ९.९ वरून ३०, महिला १४ वरून ३०. ट्रॅक पुरुष १२.६ वरून ४५, महिला १८ वरून ४५. गोल्फमध्ये पुरुष ४.५ आणि महिला ६ होत्या, आता दोन्हीकडे ९.

कागदावर झकास. एजंट हेच आकडे दाखवतात: "बघा, साडेचारच्या दहा झाल्या!" अडचण अशी की ३० जागांना ३० स्कॉलरशिप 'देता येतात', द्याव्या लागत नाहीत. आणि पूर्वी ३८-४० जणांचा संघ ठेवणाऱ्या कोचला आता मर्यादेवरची माणसं कमी करावी लागतात. ती सहसा स्कॉलरशिपविना आलेली, पहिल्या-दुसऱ्या वर्षातली, हळूहळू तयार होणारी मुलं. मुंबईहून जाणारा जलतरणपटू बऱ्याचदा याच गटातला असतो. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने तर पुरुषांच्या पोहण्याची मर्यादा स्वतःहून २२ वर आणली.

दुसरा धोका संघच बंद होण्याचा. कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये पोहणं आणि डायव्हिंग बंद केलं आणि या तडजोडीचा आर्थिक भार हे एक कारण दिलं. ग्रँड कॅनियनने पुरुष व्हॉलीबॉल बंद केलं. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिसने तर डिव्हिजन १ सोडून ३ मध्ये जायचं जाहीर केलं. फुटबॉलला पैसे लागले की कात्री कुठे लागते ते यावरून कळतं.

म्हणून कोचला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा: कॉलेज तडजोडीत सामील आहे का? नसेल तर जुन्याच स्कॉलरशिप मर्यादा लागू, पण संघाचा आकार मोकळा. मधल्या फळीतल्या मुलासाठी असं कॉलेज कित्येकदा बरं पडतं. सामील असेल तर: माझी जागा रोस्टरवर (संघाच्या अधिकृत यादीत) पक्की, की सरावापुरती? या मोसमात किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात? ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) किती घेणार? २२ वर्षांचा तयार खेळाडू पोर्टलमधून फुकट मिळत असताना १८ वर्षांच्या पोरावर कोच कशाला पैसे लावेल, हा आताचा खरा प्रश्न आहे.

वेळा पाठवताना '५० मीटर तलाव' असं स्पष्ट लिहा. तिथला कॉलेज मोसम २५ यार्डांच्या तलावात होतो, कोच रूपांतर करूनच बघतो. न लिहिल्यास वेळ आहे त्याहून खराब दिसते.

आणखी एक. बहुतेक खेळांत डिव्हिजन १ चा कोच दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी मुलाशी थेट बोलू शकत नाही. नववीत पाठवलेल्या मेलला उत्तर आलं नाही म्हणून निराश होऊ नका.

सीए_विलेपार्ले

व्हिसा आणि कर. या धाग्यावर सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे.

एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काहीही नाही. अमेरिकेच्या भूमीवर केलेलं जाहिरातीचं शूटिंग, पैसे घेऊन सही देण्याचा कार्यक्रम, सोशल मीडियावरची प्रायोजित पोस्ट, हे सगळं काम धरलं जाऊ शकतं आणि व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो. तो गेला की स्कॉलरशिपही गेली. कॉलेज स्वतः देतं त्या वाट्याचं काय? तडजोडीत परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय नाही, त्यामुळे बरीच कॉलेजं एफ-१ वाल्यांच्या बाबतीत हात आखडते घेतात. म्हणजे संघात शेजारी उभ्या अमेरिकन मुलाला पैसे आणि आपल्याला नाही, ही विषमतेतली आणखी एक पायरी.

सुट्टीत मुंबईत येऊन इथल्या कंपनीसाठी इथेच काम केलं, पैसे इथल्या खात्यात घेतले, तर ते अमेरिकेतलं काम ठरत नाही. पण तेही आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला कळवून, लेखी उत्तर घेऊनच. शिवाय कॉलेजबाहेरचा ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा एनआयएल करार 'एनआयएल गो' या पोर्टलवर ५ कामकाजाच्या दिवसांत नोंदवावा लागतो. डिलॉइटने बांधलेलं आहे ते. देखरेख कॉलेज स्पोर्ट्स कमिशनची.

आता कर. स्कॉलरशिपमधला ट्यूशन आणि पुस्तकांचा भाग करमुक्त. राहण्या-जेवणाचा भाग करपात्र, आणि एफ-१ वरच्या अनिवासी विद्यार्थ्याच्या बाबतीत कॉलेज त्यावर १४ टक्के कापतं. राहणं-जेवण १५,००० डॉलरचं असेल तर २,१०० डॉलर. हे पैसे हातात कधी आलेलेच नसतात, तरी बिल फीच्या खात्यावर चढतं आणि पालक घाबरतात. इथे भारतीय विद्यार्थ्याला एक खास सवलत आहे: भारत-अमेरिका करविषयक कराराच्या कलम २१(२) खाली त्याला अमेरिकन नागरिकासारखी मानक वजावट घेता येते. २०२४ साठी ती १४,६०० डॉलर होती. इतर देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना ती सहसा मिळत नाही. म्हणून १०४०-एनआर रिटर्न भरायचं, सोबत फॉर्म ८८४३ जोडायचा, मुदत १५ एप्रिल. कापलेला बहुतेक कर परत येतो. कॉलेजचं १०४२-एस प्रमाणपत्र मार्चपर्यंत हातात आलं नाही तर मागा. रिटर्न न भरणारी मुलं हे पैसे तिथेच सोडून येतात.

आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रवेशपत्र) मिळवताना निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. खर्च ८०,००० डॉलर आणि स्कॉलरशिप ५० टक्के असेल तर उरलेल्या ४०,००० चा पुरावा हवा. 'स्कॉलरशिप मिळाली' एवढं ऐकून पेढे वाटण्याआधी टक्केवारी विचारा.

कामगार_मैदान

सगळं वाचलं. टेनिस, स्क्वॉश, गोल्फ! मुंबईत स्क्वॉश कोर्ट आहेत कुठे? जिमखान्यांत आणि क्लबांत. सभासदत्व नसलेल्या मुलाने करायचं काय? अमेरिकेतल्या विषमतेवर तावातावाने बोलताना इथली चाळणी आधीच लागलेली असते हे कुणी लिहीत नाही.

लेन_चार

@कामगार_मैदान, मुद्दा मान्य. त्यातल्या त्यात ॲथलेटिक्समध्ये ही चाळणी सैल आहे. टेनिसचं मानांकन मिळवायला परदेशी स्पर्धांचा खर्च करावा लागतो. ८०० मीटरची वेळ सिंथेटिक ट्रॅकवर, अधिकृत स्पर्धेत, इलेक्ट्रॉनिक टायमिंगने आली की कोचच्या लेखी ती तेवढीच असते. हातघड्याळाची वेळ मात्र कुणी धरत नाही.

खर्चाच्या दृष्टीने डिव्हिजन २ आणि दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं बघा. एनजेसीएएच्या (दोन वर्षांच्या कॉलेजांची क्रीडा संस्था) डिव्हिजन १ मध्ये ट्यूशन, पुस्तकं, राहणं, जेवण असं पूर्ण पॅकेज देता येतं. दोन वर्षांनी चार वर्षांच्या कॉलेजात जाता येतं, पण कोणते विषय पुढे धरले जाणार ते पहिल्याच सत्रात तपासा.

आणि निवड झालेल्या खेळाडूला खेलो इंडियात वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद आहे, त्यातले महिना १० हजार थेट हातात. ते सोडून ३० टक्के स्कॉलरशिपवर कर्ज काढून जाणं हा सौदा कागदावर मांडून बघा.

पांढरी_रेषा

स्क्वॉशबद्दल गैरसमज नको. कॉलेज स्क्वॉश एनसीएए चालवत नाही, कॉलेज स्क्वॉश असोसिएशन चालवतं. तगडे संघ बरेचसे आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे आठ जुन्या विद्यापीठांचा गट) किंवा हार्टफर्डच्या ट्रिनिटीसारख्या डिव्हिजन ३ कॉलेजांत. या दोन्हीकडे क्रीडा स्कॉलरशिप हा प्रकारच नाही, आयव्हीने हाऊस तडजोडीतही भाग घेतला नाही. तिथे मिळते ती घरच्या उत्पन्नावर ठरणारी मदत, त्यासाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल (घरच्या आर्थिक स्थितीचा ऑनलाइन अर्ज) भरावा लागतो. आईवडिलांचे आयटीआर आणि बँकेचे तपशील तयार ठेवा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ, एमआयटी, ॲमहर्स्ट, बोडन इथे परदेशी विद्यार्थ्यालाही प्रवेश देताना ऐपत बघत नाहीत. मध्यमवर्गीय घरातल्या हुशार मुलाला फुटबॉलच्या पैशांपेक्षा हा रस्ता कितीतरी सरळ आहे.

आता कुंडली. अमेरिकन शिक्षण खात्याची 'इक्विटी इन ॲथलेटिक्स' ही मोफत साइट आहे. कॉलेज निवडा, मग खेळ. खेळाडूंची संख्या, दर खेळाचा सामन्यांचा खर्च, स्त्री-पुरुष स्कॉलरशिपची एकूण रक्कम, भरतीचा खर्च, सगळं दिसतं. निदान ५ वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहा. टेनिसचा खर्च तीन वर्षं सरळ घसरत असेल तर सावध व्हा.

तीन ठिकाणी फसायला होतं. एक: एकूण उत्पन्न आणि एकूण खर्च बऱ्याचदा डॉलरला डॉलर सारखे दिसतात. तो नफा-तोट्याचा योग नसतो. तूट विद्यापीठाने भरून काढली की ती रक्कमही उत्पन्नातच मोजतात. दोन: क्रॉस कंट्री, इनडोअर आणि आउटडोअर धावणारी एकच मुलगी तीनदा मोजली जाऊ शकते. तीन: महिला संघाच्या सरावाला येणारे मुलगे 'महिला संघाचे खेळाडू' म्हणून आकड्यात धरतात. हो, खरंच.

सरकारी विद्यापीठ असेल तर नाईट-न्यूहाऊसचा डेटाबेसही उघडा. विद्यार्थ्यांच्या फीतून आणि विद्यापीठाच्या तिजोरीतून किती टक्के येतात ते तिथे वेगळं दिसतं. हा वाटा अर्ध्याहून जास्त असेल आणि कॉलेज तडजोडीतही शिरलं असेल, तर छोट्या खेळांवर गंडांतर यायची शक्यता मी जास्त धरेन.

मैदान_चर्चगेट

भरभरून मिळालं, आभार. दोन उपप्रश्न. मुलींचं काय? टायटल नाईनमुळे (शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणारा कायदा) त्यांना समान वाटा मिळायला नको का? आणि ऑफर लेटरमध्ये काय वाचायचं?

हिशोबवही

टायटल नाईन १९७२ चा कायदा. स्कॉलरशिपचे डॉलर स्त्री-पुरुष खेळाडूंच्या प्रमाणात हवेत हे त्यात पक्कं आहे. नव्या वाट्याला तो लागू होतो का, यावर बायडेन सरकारने जानेवारी २०२५ मध्ये 'हो' म्हटलं, ट्रम्प सरकारने फेब्रुवारीत ते मागे घेतलं. जूनमध्ये काही महिला खेळाडूंनी याच मुद्द्यावर अपील केलं आणि मागच्या भरपाईचं वाटप अडलं.

माझं मत: फुटबॉलच्या टीव्ही पैशांतून फुटबॉलवाल्यांना जास्त मिळण्यात गैर नाही, राबतात ते.

पांढरी_रेषा

@हिशोबवही, इथे पटत नाही. महिला खेळांना पन्नास वर्षं प्राइम टाइम, मार्केटिंग आणि मैदान दिलं नाही, आणि आता 'बाजारभाव' काढायचा! सुधारणाच करायची तर फुटबॉलची कॉन्फरन्स वेगळी काढा आणि बाकी खेळ जवळच्या कॉलेजांशी खेळवा. टीव्ही करारापायी लॉस एंजेलिसचं यूसीएलए आज न्यू जर्सीच्या रटगर्सच्या कॉन्फरन्समध्ये आहे. तिथे टेनिस संघाला विमानाने पाठवण्यात जातात ते पैसे स्कॉलरशिपचेच असतात.

हिशोबवही

प्रवासाच्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. बाकी भांडण दुसऱ्या धाग्यावर.

ऑफर लेटरचं. जुना 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला. अजून कुणी एजंट त्यावर सही घ्यायची भाषा करत असेल तर त्याची माहिती जुनी आहे. आता आर्थिक मदतीचा लेखी करार हाच कागद. त्यात बघा: रक्कम टक्क्यांत आहे की डॉलरमध्ये (फी दरवर्षी वाढते, डॉलरचा आकडा तिथेच राहतो), एका वर्षाचा की चार वर्षांचा, उन्हाळी सत्र धरलंय का, आरोग्य विमा कोण भरणार. एका वर्षाचा असेल तर नूतनीकरण होणार नसल्याचं कॉलेजने १ जुलैपर्यंत लेखी कळवायचं असतं आणि त्यावर अपील करता येतं. १ ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन १ मध्ये कामगिरी घसरली किंवा दुखापत झाली म्हणून चालू स्कॉलरशिप कापता येत नाही. पण खेळाडूने स्वतःहून संघ सोडला तर हे संरक्षण संपतं. म्हणून कोच 'तूच सोडतोस का?' असं गोड बोलून विचारायला लागला तर तिथल्या तिथे हो म्हणायचं नाही.

पात्रतेसाठी एनसीएएचं पात्रता केंद्र नववीपासूनचे गुण मागतं. १६ मूळ विषय, त्यांत डिव्हिजन १ साठी किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक). एसएटीची अट २०२३ मध्ये गेली, कॉलेज स्वतः मागू शकतं. नववीची गुणपत्रिका मराठीत असेल तर ओळीस ओळ प्रमाणित भाषांतर आणि मूळ प्रत, दोन्ही लागतात. शाळा बंद पडण्याआधी किंवा मुख्याध्यापक बदलण्याआधी ती सहीशिक्क्यासह घेऊन ठेवा. बारावीनंतर गॅप घ्यायचा विचार असेल तर आधी केंद्राला लेखी विचारा, टेनिसमध्ये सवलतीचा काळ सगळ्यात तुटपुंजा आहे.

सीए_विलेपार्ले

एक राहिलं. एजंटची फी. 'स्कॉलरशिपच्या दहा टक्के आमचे' असा करार कधीही करू नका. ठरावीक फी घेणारी सेवा चालते, पण मिळालेल्या मदतीवर टक्केवारी घेणारा एनसीएएच्या नियमात 'एजंट' ठरतो आणि त्यात मुलाची पात्रता जाऊ शकते. फी कशी ठरली ते करारावर लिहून घ्या, पावती घ्या, आणि ही पावती पात्रता केंद्राच्या कागदपत्रांसोबत फाइलमध्ये जपून ठेवा.

मैदान_चर्चगेट

हीच ओळ उद्या नोटीस बोर्डावर लावतो.